ती काय करतेय?

शेवगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. दिवसभर वाढदिवसाच्या शुभेच्छा, दशक्रियेचे फलक, दुकानांच्या पाट्या. रात्री नऊनंतर शटर अर्धं ओढून मी मागच्या खोलीत मॉडेलं करतो. वडील पोळ्याला मातीचे बैल करायचे, गणपतीत शाडूच्या मूर्ती, नवरात्रात देवी. मातीचं काम मी त्यांच्याकडून शिकलो. आता कोरणीच्या जोडीला संगणक आहे, ब्लेंडर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे आणि रेझिनचा छोटा प्रिंटर आहे. गेममधली, कॉमिकमधली आवडलेली पात्रं स्वतःच्या हातानं घडवायची, याला फॅन मॉडेल म्हणतात. पात्र दुसऱ्यानं निर्माण केलेलं असतं, म्हणून ती मी विकत नाही. गिऱ्हाइकांसाठी करतो त्या ऐतिहासिक व्यक्तींच्या मूर्ती.

पुरुष पात्रं करताना मला फारसं अडलं नाही. स्त्री पात्रांनी मात्र मला पुन्हा पहिल्यापासून शिकायला लावलं. त्यातलं जे पक्कं कळलं, ते लिहितो.

१. आधी ओळंबा लावून पाहा.

माझं पहिलं स्त्री पात्र लारा क्रॉफ्ट. १९९६ साली ‘टूम्ब रेडर’ हा गेम आला तेव्हापासून ती जगभर पोचली. पुरातन अवशेष धुंडाळणारी, कडे चढणारी, कुणाला न घाबरणारी बाई. मला ती आवडायची ती याच गोष्टींसाठी. पण मॉडेल करायला बसलो तेव्हा यातलं काहीच माझ्या हातात उतरलं नाही. जाहिरातींतली चित्रं समोर ठेवली आणि त्यांच्याही पुढे गेलो. कंबर मुठीत मावेल एवढी, छाती पुढे, पाठीची कमान, पाय चवड्यांवर. पंधरा सेंटिमीटरचं मॉडेल, घोटे काडीएवढे.

आई कापूस वेचून आली होती. तिनं ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, “आरं, हिचं पोट कुठं गेलं? आन् ही अशी वाकडी का हुबी? पाठ दुखत नसंल का हिची?”

मला उत्तर देता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मॉडेल घोट्यात मोडलं.

मग गवंडी भिंतीला लावतात तसा ओळंबा लावला, म्हणजे दोऱ्याला एक नट बांधला आणि दोरा मॉडेलच्या गळ्याच्या खाचेपाशी धरला. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याच्या खाचेतून सोडलेला दोरा त्या पायाच्या आसपास उतरतो. माझ्या लाराचा दोरा दोन्ही पावलांच्या बाहेर पडत होता. अशी बाई जगात उभीच राहू शकत नाही. तिला तसं वाकवलं होतं ते समोरून छाती आणि मागून नितंब, दोन्ही एकाच नजरेत दिसावेत म्हणून. त्या उभं राहण्यात तिच्या स्वतःच्या सोयीचं काहीच नव्हतं.

तेव्हापासून प्रिंटरला फाइल देण्याआधी ओळंबा लावतोच. जिथं तोल जातो तिथं बहुतेक वेळा नियतही ढळलेली सापडते. २०१३ साली याच गेमची नवी मांडणी झाली आणि त्यातली लारा खरचटलेली, थकलेली, लांब पँट घातलेली आली. तिची ठेवण नीट पाहिली तर दोरा पावलातच पडतो.

२. शरीर घडवण्याआधी क्रियापद ठरवा.

माझ्या कामातला सगळ्यात मोठा बदल एका प्रश्नानं झाला: ती काय करतेय? “सुंदर दिसतेय” हे उत्तर चालत नाही, कारण ते काम पाहणारा करतो, ती नाही.

हे मला गणपतराव म्हात्र्यांच्या ‘मंदिरपथगामिनी’नं शिकवलं. १८९६ साली, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकत असताना त्यांनी प्लॅस्टरमध्ये केलेला हा पुतळा: नऊवारी नेसलेली, पूजेला निघालेली मराठी तरुणी. तिचं शरीर लपवलेलं नाही. नऊवारीच्या चुण्यांखालून मांडीचा, कमरेचा आकार स्पष्ट कळतो. तरीही पाहणाऱ्याच्या मनात पहिली गोष्ट येते ती हीच, की ही कुठंतरी निघाली आहे. नावातच ‘गामिनी’ आहे. ती आपल्यासाठी उभी नाही, तिच्या वाटेवर आपण मध्ये आलो आहोत. सव्वाशे वर्षांपूर्वी विद्यार्थिदशेतल्या एका मराठी मुलाला जे जमलं, ते मला समोर डझनभर संदर्भचित्रं असून जमलं नव्हतं.

त्यानंतर मी ‘राजी’ करायला घेतली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली आणलेल्या गेमची ही नायिका. सर्कशीत कसरती करणारी लहान मुलगी, असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघालेली. दुर्गेनं दिलेला त्रिशूळ तिच्या हाती आहे. ती भिंतीवरून धावते, खांबाला धरून गरकन फिरते. आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली, तेव्हापासून कसरती करणाऱ्या मुली महाराष्ट्रानं पाहिल्या आहेत. दोरीच्या मल्लखांबावर तर आजही शाळकरी मुली आपल्या डोळ्यांदेखत अधांतरी आसनं करतात.

राजीसाठी मी वहीत क्रियापदं लिहून काढली. शोधते. उडी मारते. पडते. उठते. वळून पाहते. शेवटचं निवडलं: धावता धावता आवाज आला म्हणून वळून पाहते. मग मान किती वळेल, खांदा कुठं जाईल, कुठल्या पायावर भार येईल, हे सगळं त्या एका क्रियापदानंच सांगितलं. मला शोभेसाठी काही वळवावं लागलं नाही.

३. संदर्भाचा फोटो विचारून घ्या.

हे लिहिताना आजही जड जातं.

वाकलेल्या पाठीचा अभ्यास हवा म्हणून मी एका दिवाळीनंतर कापसाच्या रानात गेलो. बायका वेचणी करत होत्या. बांधावर उभा राहिलो आणि मागून फोटो काढू लागलो. चार-पाच काढले असतील. एकीनं वळून पाहिलं. तिनं शेजारणीला काही सांगितलं आणि पाहता पाहता सगळी ओळ थांबली. कुणी पदर ओढला, कुणी कमरेची ओटी सावरली, एक जण सरळ खाली बसली. त्या मला ओळखत होत्या, आईबरोबर वेचणीला जाणाऱ्याच होत्या. कुणी काही बोललं नाही.

त्या क्षणापर्यंत मी समजत होतो की मी अभ्यास करतोय. फोटो मी तिथंच पुसून टाकले. घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, “इचारायचं ना. नाय म्हणल्या असत्या तर नाय.”

दुसऱ्या आठवड्यात तिला बरोबर घेऊन गेलो, विचारलं. दोघी हो म्हणाल्या. आणि फोटोच वेगळे आले. समोरून आले. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली बोटं, ओटी भरून पुढे आलेली. एकीनं कापूस वेचायची खरी पद्धत दाखवली. दोन्ही हात वेगवेगळ्या बोंडांवर एकाच वेळी चालतात, नजर तिसऱ्या बोंडावर असते. बांधावरून चोरून काढलेल्या कुठल्याच फोटोत हे आलं नव्हतं. पात्राला वस्तू करणं मॉडेलच्या टेबलावर सुरू होत नाही, त्याच्या पुष्कळ आधी, कॅमेरा कुणाकडे कसा रोखला तिथंच होतं.

४. हाडं आणि स्नायू खऱ्या बायकांकडून शिका.

संगणकावर तयार मिळणारे स्त्रीदेह मी आता वापरत नाही. त्यांत दंडाला स्नायू नसतो, मनगट बाहुलीचं असतं आणि पाय शरीराच्या मानानं फार लांब. साधारण प्रौढ माणसाची उंची स्वतःच्या साडेसात डोक्यांएवढी भरते, बाई असो की बुवा. नायक-नायिका भव्य दिसावेत म्हणून आठ डोकी घेतात. त्या तयार देहांत वाढलेली सगळी उंची मांड्या-पोटऱ्यांत घातलेली असते.

माझी मावशी पाथर्डी तालुक्यातली. कितीएक हंगाम ती ऊसतोडीला गेली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, हे तिचं काम. तिची मान, मानेतून खांद्याकडे उतरणारा जाड स्नायू, रुंद पावलं, पोटऱ्यांची गाठ, हे सगळं मी लहानपणापासून पाहत आलो होतो. पण ‘ताकदवान बाई’ घडवायची म्हटल्यावर ते कधी डोळ्यांपुढे आलं नाही. डोळ्यांपुढे यायची ती पोस्टरवरची. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उंचावली. ते छायाचित्र मी भिंतीवर लावलं आहे. शेजारी मावशीचा फोटो. विचारून काढलेला.

५. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर.

सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल हवं तसं फिरवता येतं. स्वतःच्या कामाची स्क्रीन-रेकॉर्डिंग एकदा पाहिली, तर माझा वेळ कुठल्या कोनांत जात होता ते दिसलं. खालून आणि मागून. चेहऱ्यावर सगळ्यात कमी.

वडील देवीच्या डोळ्यांची आखणी शेवटी करायचे आणि त्यासाठी पाटावर बसून मूर्तीच्या डोळ्यांशी आपले डोळे आणायचे. मला वाटायचं, हात स्थिर राहावा म्हणून. तेही असेलच. आता मी चेहऱ्यापासून सुरुवात करतो आणि बाकीचं शरीर त्या चेहऱ्याशी जुळतंय का ते पाहत जातो. तयार मॉडेलचा फोटोही त्याच उंचीवरून.

६. चिलखत हे चिलखत असू द्या.

नगरला एसटीनं जाताना करंजी घाट ओलांडून पुढे गेलं की डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. खरं म्हणजे ती सलाबतखानाची कबर आहे. पण त्या नावामुळंच मी लहानपणी चांदबिबीच्या गोष्टी ऐकल्या. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून नगरच्या किल्ल्याची भिंत पाडली, तेव्हा ती शस्त्र घेऊन खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली, ही ती गोष्ट. १६०० साली किल्ल्यातल्या आपल्याच लोकांनी तिला मारलं.

तिचं मॉडेल करायला घेतलं आणि गेमच्या सवयीनं तिला छातीचे दोन वाटोळे उठाव असलेलं पोलादी चिलखत चढवलं. मग चिलखतांविषयी वाचत गेलो. चिलखताचा पत्रा बाहेरून फुगीर असतो तो वार बाजूला घसरून जावा म्हणून. दोन उठाव केले की मध्ये खोलगट होते आणि भाल्याचं टोक घसरून नेमकं त्या खोलगटीत, छातीच्या हाडावर येतं. जे तिला वाचवण्यासाठी, तेच तिला मारणार. दख्खनेत आणि उत्तरेत वापरत तो ‘चारआईना’ म्हणजे छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर बांधायचे चार पत्रे. त्याखाली कड्यांचं जाळीदार चिलखत, त्याखाली जाड कपडा. एवढ्या थरांवरून आतल्या शरीराचा आकार कळत नाही, स्त्रीचा नाही आणि पुरुषाचाही नाही.

मग ती बाई आहे हे कसं कळणार, असं मला एकानं विचारलं. दख्खनी चित्रांत हातावर ससाणा घेऊन घोड्यावर बसलेली चांदबिबी आहे. पूर्ण वस्त्रांत आहे आणि ती कोण याबद्दल शंका येत नाही. मी तिच्या मॉडेलमध्ये चेहरा उघडा ठेवला, एका हातात तलवार, दुसरा हात मागे, कारागिराला दगड लावायची जागा दाखवणारा. पुरेसं झालं.

७. कापडाला वजन असतं.

थोडक्यात सांगतो. ओलं नसेल तर कापड अंगाला चिकटत नाही. ते खांदा, कोपर, गुडघा, कंबर अशा ठिकाणी अडकतं आणि तिथून चुण्या सुटतात. दोन स्तनांमध्ये खोल जाणारं कापड मी कितीदा तरी कोरलं होतं. खऱ्या साडीवर, खऱ्या शर्टावर ते कधी दिसलं नाही. काष्टा घातलेल्या नऊवारीत पाय मोकळे असतात, घोड्यावर बसता येतं. ते वस्त्र मुळातच कामाचं आहे. चुणी कळेना तर बायकोला विचारतो. मॉडेलं रंगवते तीच, आणि कुठली घडी खोटी आहे ते तिला माझ्याआधी दिसतं.

८. झाकणं हे उत्तर नाही.

लाराच्या अनुभवानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. जी बाई घडवायची ती गळ्यापासून पावलापर्यंत गुंडाळलेली, मान खाली, हात जोडलेले. घरातल्यांना बरं वाटलं. मला वर्षभरानं कळलं की याही बाया काही करत नाहीत. पूर्वी त्या भोगासाठी उभ्या होत्या, आता पूजेसाठी. जिवंत त्या तेव्हाही नव्हत्या.

उघडं शरीर म्हणजे दोष नाही, हे या मातीनं फार पूर्वी ओळखलं होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात टाहाकारीचं जगदंबेचं देऊळ आहे. तिथल्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत. त्यांचे देह कमनीय आहेत, अलंकार आहेत, शृंगारही आहे, आणि तो त्यांचा स्वतःचा आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला लज्जागौरीच्या प्राचीन मूर्ती सापडल्या. विवस्त्र, मस्तकाच्या जागी कमळ, प्रसूतीच्या बैठकीत. चेहरा नाही, वस्त्र नाही, तरी त्या मूर्तीपुढे माणूस हात जोडतो, कारण ती सृष्टी जन्माला घालतेय. इथंही क्रियापदच आहे.

झाकण्याची चूक मला सगळ्यात जास्त जाणवली ती अहिल्यादेवींच्या वेळी. त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. जिल्ह्याला त्यांचंच नाव मिळालं, २०२५ साली त्रिशताब्दी झाली आणि माझ्याकडे मूर्तींची मागणी वाढली. पांढरी साडी, हातात पिंड, शांत चेहरा. मी तशा बऱ्याच केल्या. पण १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं होळकरांचं राज्य चालवणारी ही बाई दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. म्हणून एक मूर्ती मी स्वतःसाठी केली. गादीवर बसलेल्या, मांडीवर कागद, एक बोट ओळीवर ठेवलेलं, आणि मान वर करून समोरच्याला काही विचारतायत. पदर डोक्यावर आहे, साडी पांढरीच आहे. एका मोजणी खात्यातल्या बाईंनी ती दुकानात पाहिली आणि म्हणाल्या, “आता या नक्की खोट काढणार.” मूर्ती त्यांनाच दिली.

९. “नाही” म्हणायची तयारी ठेवा, कारणासकट.

एका गिऱ्हाइकाला टेबलावर ठेवायला ‘मर्दानी राणी’ हवी होती. मी घोड्यावरची, लगाम खेचलेली केली. त्यांनी फोटो पाहून कळवलं की जरा “आकर्षक” करा, चोळी तंग घ्या, कंबर काढा. आगाऊ घेतलेले आठ हजार प्रिंटरच्या हप्त्यात गेले होते. तरी मी त्यांना भेटून दोन मॉडेलं पुढ्यात ठेवली, जुनी मोडकी लारा आणि ही राणी. म्हटलं, हिच्या हातात लगाम आहे, तुम्ही म्हणता तशी केली तर घोडा हिला पाडील. ते गप्प राहिले, मग म्हणाले की पैसे परत द्या. तीन हप्त्यांत दिले. सगळेच ऐकतात असं नाही.

आणि पात्र लहान मुलगी असेल तर चर्चासुद्धा करायची नाही. राजीबद्दल एकानं तसं काही सुचवलं, त्याला मी दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवला. पुन्हा आला तरी दारातच उभा राहील.

१०. चेहऱ्यावर मेहनत उमटू द्या.

राजीचं तोंड मी चार वेळा पुसलं. दर वेळी ओठ किंचित उघडे आणि गुळगुळीत यायचे, जाहिरातीतल्यासारखे. शेवटी बहिणीच्या मुलीला अंगणात पळायला लावलं आणि हाक मारली. ती वळली तेव्हा नाकपुड्या फुललेल्या, भुवया जवळ आलेल्या, कपाळावर घामानं केस चिकटलेले, तोंड दमानं उघडं. तेच घेतलं.

मॉडेल गेल्या महिन्यात पूर्ण झालं. बायकोनं रंग दिला, गुडघ्यावर धुळीचा फिका हात फिरवला. ते मी वडिलांच्या मातीच्या बैलांशेजारी फळीवर ठेवलं. दोरा सोडून पाहिला, टेकलेल्या पायावर नीट उतरला.

आई रानातून आली, हातपाय धुतले, फळीपाशी थांबली. हे मॉडेल तिनं हातात घेतलं नाही. ती थोडी वाकली आणि राजी जिकडे वळून पाहतेय त्या बाजूला तिनंही पाहिलं. तिथं नुसती भिंत होती.

“कुणाला बघतीय ही?”

“भाऊ हरवलाय तिचा. त्याला शोधतीय.”

आई जराशी थांबली.

“मग,” तिनं विचारलं, “घावला का?”